एकेचाळीस नंबरची मेंढी

"पुरावा बघायचाय न्हवं? ह्यो घ्या पुरावा," असं म्हणत धुळाबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं आणि ते माझ्या पायांपुढे उलटं केलं.

आतून हाडं पडली. कोकराची. काडीसारख्या बरगड्या, बोरापेक्षा जरा मोठे खूर, आणि या सगळ्याभोवती गुंडाळलेली एक चोळी. मातीनं तिचा रंग खाल्ला होता, पण बाहीचा हिरवा काठ शाबूत होता.

"चोळी कुणाची, मावशी?"

"माझी तर न्हाई." धुळाबाई वाघरीकडे बघत म्हणाल्या. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या पलीकडे त्यांची सून छबू लेंड्या झाडत होती. ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या माणसाचा हात नेहमीपेक्षा जोरात चालतो. तिचा केरसुणीचा हात तसा चालला होता.

"खुंटा रोवाय खड्डा खंदला, तर ह्ये निघालं. चोळीत बांधून पुरल्यालं. मेलेलं कोकरू आमी उघड्यावर टाकतो, न्हाईतर कुत्र्याम्होरं. चोळी गुंडाळून कोन पुरतंय? जेला लपवायचंय तो."

तेव्हा मी माण तालुक्यातल्या वस्त्यांवर मेंढ्यांच्या नोंदी ठेवायचं काम करायचो. एका मेंढी सुधार केंद्राची नोकरी होती. मेंढीच्या कानात नंबरचा बिल्ला मारायचा, ती कधी व्याली, किती कोकरं झाली, त्यांचं वजन किती, हे वहीत उतरवायचं. मला सगळे बिल्लेवाले म्हणत. माझं आडनाव बाबर आहे हे चार वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. माणसांपेक्षा मेंढ्यांच्या नोंदी ठेवणं सोपं असतं, मेंढी आपलं वय चोरत नाही. पण मेंढीमागे माणूस असतो, आणि मला बारीक नजरेनं बघायची खोड त्या माणसाकडेच होती.

खरं सांगायचं तर या भानगडीची काडी मीच टाकली होती.

गोरडांच्या या वस्तीवर चाळीस मेंढ्या धुळाबाईंच्या आणि एक छबूची. लग्नात बापानं आंदण दिलेली. आंदणातली मेंढी सुनेची, तिची कोकरंही सुनेचीच, असा त्यांच्यातला रिवाज. मेंढी अंगानं लहानखुरी, कान आखूड, म्हणून तिचं नाव चिमणी. माझ्या वहीत एकेचाळीस नंबर. आणि या चिमणीनं तीन वेतांत सहा कोकरं दिली होती. धुळाबाईंच्या चाळीस मेंढ्यांत मिळून तेवढ्याच काळात जुळं झालं होतं दोनदा.

मागल्या खेपेला चहा पिता पिता मी थट्टेनं म्हटलं होतं, "मावशी, तुमच्या चाळिसांना जे जमत नाही ते सुनेच्या एकीला जमतंय. काय खाऊ घालते ती, जरा विचारून घ्या."

मी हसलो होतो. धुळाबाई हसल्या नव्हत्या. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

आता त्या हाडांच्या ढिगापुढे उकिडव्या बसल्या आणि बोटांवर मोजत मला समजावू लागल्या. "कार्तिकात माझी भुरी आन् हिची चिमणी, दोघी येकाच सकाळी व्याल्या. म्या म्हसवडच्या बाजाराला गेलेली, माझा ल्योक बिरा रानात. वस्तीवर ही येकटी. दुपारी येऊन बघती तर भुरीखाली येक आन् चिमणीखाली दोन. आता सांगा, मेलेलं कुनाचं?"

"तुम्हीच सांगा."

"चिमणीचं! तिला येक जितं झालं, येक मेलं. माझ्या भुरीला दोन झाली. हिनं मेलेलं पुरलं आन् भुरीचं येक उचलून चिमणीखाली लावलं. आन् ह्ये तिसऱ्या खेपेला सापडलं. आधीच्या दोन खेपांचं काय, ते देव जाने."

हिशोब चोख होता. माझ्याही डोक्यात तो तसाच बसला, आणि कबूल करतो, बसला तेव्हा बरंही वाटलं. सहा कोकरांचा आकडा मला कार्तिकापासून खुपत होता.

मी वाघरीकडे गेलो. "छबूताई, चोळी तुमची?"

"व्हय."

"कोकरू तुम्ही पुरलं?"

"व्हय."

"कुणाचं होतं?"

तिनं केरसुणी उलटी करून तळहातावर ठोकली, काड्या सारख्या केल्या आणि पुन्हा झाडायला लागली.

"बघितलंसा?" मागून धुळाबाई म्हणाल्या. "येत्या ऐतवारी बिरोबापुढं भंडारा उचलायचा. हिच्या बाला सांगावा धाडलाय. भंडारा हातात घेऊन म्हनायचं, येकीचं कोकरू म्या चोरून दुसरीखाली लावलं न्हाई. म्हनली तर म्या हिच्या पाया पडंन. न्हाई म्हनली तर आपली मेंढी घ्यावी आन् बाच्या संगं जावं."

"आणि बिरा काय म्हणतो?"

"त्यो काय म्हनतोय! आईबी त्याचीच, बायकूबी त्याचीच. तंबाखू मळतोय."

मी पुन्हा छबूकडे बघितलं. "ताई, मग काय? शपथ घ्यायची ना?"

"न्हाई."

"म्हणजे चोरलं?"

"न्हाई."

"मग शपथ का नाही?"

"देवापुढं खोटं बोलत न्हाई म्या."

मी धुळाबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. चोरी केली नाही, आणि चोरी केली नाही म्हणायलाही तयार नाही. असलं उत्तर मला तोवर कुणी दिलं नव्हतं. मी मनातल्या मनात तिच्या नावापुढे फुली मारली.

तरी जाता जाता म्हणालो, "मावशी, चिमणी खरंच दोन-दोन देते की नाही, ते केंद्रात बघता येतं. पोट न फाडता. दुर्बीण घालून अंडाशय बघतात. मेंढी माजावर आली की जेवढी अंडी सुटतात तेवढ्या खुणा तिथं राहतात."

"अंडी? मेंढी काय कोंबडी हाय?"

"कोंबडीचं बाहेर पडतं, हिचं आत राहतं. एवढाच फरक."

धुळाबाईंनी डोळे बारीक केले. "सहा दिस झालं ती माजावर आलीती. एडक्याला लंगोट बांधला हुता, लागू न्हाई दिला. चालंल?"

"अगदी बरोबर दिवस."

"मग उद्यापासनं ती माझ्याजवळ बांधंन. तुमीबी तिच्या अंगाला हात लावायचा न्हाई. तुमच्या पिशवीत सुया अस्त्यात, ठावं हाय मला."

*

शुक्रवारी केंद्राची जीप घेऊन मी वस्तीवर गेलो. धुळाबाई मागे मेंढीच्या गळ्यात हात टाकून बसल्या, छबू त्यांच्यासमोर. एवढ्या रस्त्यात सासू-सुना एक शब्द बोलल्या नाहीत. मेंढीच तेवढी मधून मधून ओरडत होती.

केंद्रात डॉक्टर पद्मजा हुद्दार होत्या. वयानं पंचेचाळीसच्या, आवाज पुरुषी, आणि कुणाशीही बोलताना हात पुसत बोलायची सवय.

"कालपासून उपाशी ठेवलंय ना मेंढीला?"

"मीबी तिच्यासंगं उपाशी हाय," धुळाबाई म्हणाल्या. "डोळा हालवला न्हाई."

"तुमच्या पोटात नळी घालायची नाहीये हो. बाबर, यांना चहा द्या आधी."

मेंढीला उतरत्या लोखंडी घोडीवर उताणं बांधलं, डोकं खाली, मागचे पाय वर. कासेपुढची लोकर भादरली, भूल दिली, दोन बारीक छिद्रं पाडली. आत जरा हवा भरल्यावर पोट पखालीसारखं फुगलं. डॉक्टरांनी एका छिद्रातून दुर्बिणीची नळी घातली आणि डोळा लावला. छबू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती मेंढीकडे बघत नव्हती, सासूच्या पाठीकडे बघत होती.

"उजवीकडे दोन," डॉक्टर म्हणाल्या. नळी हळूच फिरवली. "आणि डावीकडे एक. तीन."

"काय तीन?" धुळाबाई पुढे झाल्या.

"या, स्वतःच बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

धुळाबाईंनी पदर खोचला, एक डोळा हातानं झाकला आणि दुसरा नळीला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"गुलाबी हायती. हरबऱ्यायेवढी."

"तीच. पुस्तकात पीतपिंड म्हणतात, पण मेंढीत ती गुलाबीच दिसतात. प्रत्येक अंडं ज्या जागेवरून सुटलं, तिथं ही गाठ होते. या माजाला हिनं तीन अंडी सोडलीत."

"सुई टोचून असं व्हतं का?" हे विचारताना त्यांनी डोळा नळीवरून काढून माझ्यावर ठेवला.

"होतं की. गाभण घोडीच्या रक्तातून एक औषध काढतात. ते टोचलं तर साधी मेंढीही तीन-चार अंडी देईल."

"ह्यांच्याकडं अस्तंय ते?"

"बाबरांकडे वही, तागडी आणि तोंड. बाकी सगळं माझ्या कुलपात."

धुळाबाईंचं समाधान झालं नाही, पण त्यांनी ते प्रकरण बाजूला ठेवलं. मेंढीला टाके घालता घालता डॉक्टर सांगत राहिल्या. समोर कोण आहे हे बघून त्या बोलायच्या, म्हणून मला त्यांचं बोलणं अजून आठवतं.

"मेंदूच्या बुडाशी एक गाठ असते. तिथून रक्तात खुराक सुटतो. संप्रेरक म्हणतो आम्ही त्याला. प्रत्येक अंड्याभोवती पाण्याची एक पुळी असते. खुराक सुटला की अशा दहा-बारा पुळ्या एकदम वाढायला लागतात. त्यातली एक पुढं निघते. पुढं निघाली की ती काय करते? मेंदूला निरोप धाडते, आता खुराक कमी करा."

"आन् बाकीच्या?"

"वाळून जातात. आतल्या अंड्यासकट."

"थोरली जाऊ झाली की ती," धुळाबाई म्हणाल्या. "आपलं ताट भरलं की कोठीला कुलूप."

"पण मग कोठीला कुलूप लावून ही स्वतः काय खाते?"

धुळाबाईंनी विचार केला. "चोरून खाती."

"जवळजवळ तसंच. मेंदू दुसरा एक खुराक सोडत असतो. तो फक्त मोठ्या पुळीला पचतो. ही मोठी झालेली असते, म्हणून ती त्यावर जगते आणि अंडं पिकवते. लहान्यांना तो पचत नाही. म्हणून साध्या मेंढीचं एका वेळी एक अंडं. आता तुमची ही चिमणी. हिच्या पुळ्या लहान असतानाच दुसरा खुराक पचवायला शिकतात. पहिला बंद झाला तरी दोघी-तिघी तग धरतात. हे अंगातच असतं, आईबापाकडून येतं. कुठून आणली मेंढी?"

"माझ्या माहेरची," छबू दारातून पहिल्यांदाच बोलली. "आमच्याकडं बंगालचा बुटका एडका दिला हुता कुनीतरी. तेची नात ही."

"मग बरोबर. त्या जातीचंच हे रक्त."

मला वाटलं, संपलं. मेंढी खरी, सून खरी. माझी फुली मला खोडायला लागणार म्हणून मी जरा हिरमुसलोही होतो. पण धुळाबाई अजून त्या रिकाम्या घोडीजवळ उभ्या होत्या.

"बाई, तीन अंडी म्हंजी तीन कोकरं?"

"होतीलच असं नाही. एखादं आत जिरतं. पण होऊ शकतात. याआधी झालीही असतील."

धुळाबाई बाहेर गेल्या. हातपाय धुण्याच्या नळावर त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि तशाच ओल्या तोंडानं उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो.

"मग मावशी, रविवारचं राहिलं ना आता?"

"का राहील? मेंढी दोन देती, तीन देती, मान्य. पन चोळीत बांधल्यालं कोन? ते मेंढीच्या पोटात दिसलं का तुमाला?"

"नाही."

"मग भंडारा उचलायचाच."

छबू जीपमध्ये जाऊन बसली होती. तिनं ते ऐकलं. चिमणीचं डोकं मांडीवर घेऊन ती तिच्या टाक्यावरची माशी हाकलत राहिली.

*

त्यांना सोडायला जीप गेली आणि डॉक्टरांनी मला थांबवून घेतलं. अशी मेंढी गावोगाव फिरून सापडत नाही म्हणाल्या. चिमणीची सगळी वेतं आणि त्या-त्या दिवशी त्या कळपात जे जे जन्मलं ते सगळं तारीखवार काढून द्या.

माझ्या वहीची पद्धत अशी होती की एका मेंढीला एक पान. सतरा नंबर भुरी वहीच्या सुरुवातीला, एकेचाळीस नंबर चिमणी पार शेवटी. एका मेंढीचं सगळं आयुष्य मला एका नजरेत दिसायचं, पण एका दिवसाचं काहीच दिसायचं नाही. चार वर्षं मला या वहीचा अभिमान होता.

टेबलाशी बसून मी तारीखवार कागद आखला आणि कार्तिकातल्या त्या तारखेपाशी आलो. त्या दिवशी मी योगायोगानं दहाच्या सुमाराला वस्तीवर पोचलो होतो. कोकरं ओली होती. छबूनं ती एक-एक करून माझ्या हातात दिली, मी तागडीला लावली, आकडे लिहिले, चहा पिऊन निघालो. आता ते आकडे मी एकाखाली एक उतरवले.

चिमणीचं पहिलं, एक किलो चारशे. चिमणीचं दुसरं, एक किलो पाचशे. भुरीचं एकुलतं एक, एक किलो पाचशे.

भुरीचं पान पुन्हा उघडलं. भुरी म्हणजे थोराड मेंढी. तिची आधीची चार कोकरं, सगळी एकुलती, सगळी तीन किलोच्या आसपास. आणि हे पाचवं, निम्मं.

मी पेन खाली ठेवलं. ते वजन मी स्वतः केलं होतं, स्वतः लिहिलं होतं, आणि माझ्या नजरेला काही खटकलं नव्हतं.

*

शनिवारी सकाळी छबू हातपंपावर भेटली. डोक्यावर घ्यायची कळशी अजून अर्धीच भरली होती.

"छबूताई, वजीर कुणाचा?"

वजीर म्हणजे भुरीचं ते कोकरू. आता आठ महिन्यांचा तरणाबांड एडका झाला होता आणि धुळाबाई आल्या-गेल्याला त्याचं कौतुक सांगायच्या. बघा चाल, बघा छाती, कान बघा कसे कळीवानी! मीही ते आखूड कान कितीदा बघितले होते.

पंपाचा दांडा तिच्या हातात तसाच राहिला.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"तागडीनं. उशिरा सांगितलं, पण सांगितलं."

तिनं इकडेतिकडे बघितलं आणि कळशीशेजारी खाली बसली.

"आत्ती बाजारला जाताना म्हनून गेल्या, भुरीवर नजर ठेव, आज-उद्याला व्यायची. म्या बसलेच हुते. तेवढ्यात चिमणी अडली. येक झालं, दुसरं झालं, मला वाटलं झालं. तर तिसऱ्याचा पाय दिसाय लागला. उलटं हुतं. म्या तिथंच गुंतले, दादा. तिकडं भुरी व्याली कवा, मला कळलंच न्हाई. कोकरू पिशवीतच. नाकावरचं फाडायला कुनी नव्हतं. मी गेले तवा ऊन हुतं अंगाला, पन श्वास न्हाई."

"मग?"

"मग काय! भुरी त्या मेलेल्याला चाटत बसली. मला दिसाय लागलं, आत्ती येतील आन् म्हनतील, आपली मेंढी बघितलीस, माझी मरू दिलीस. आन् ते खोटं न्हाई. आपलीच बघितली म्या. चिमणीचं तिसरं तिनं अजून हुंगलंबी नव्हतं. ते उचललं, भुरीची पडल्याली वार तेच्या अंगाला चोळली, तिच्या तोंडाम्होरं ठेवलं. तिनं घेतलं."

"म्हणून शपथ घेत नाही."

"कशी घेऊ? येकीचं कोकरू दुसरीखाली लावलं न्हाई असं म्हनू? लावलंय की."

म्हणजे धुळाबाईंचा संशय खरा होता आणि माझाही. कोकरू हललं होतं, छबूनंच हलवलं होतं. फक्त आम्ही दोघांनी ते उलट्या दिशेनं जाताना बघितलं होतं.

"मी सांगतो मावशींना. आकडे आहेत माझ्याकडे."

"न्हाई, दादा!" ती झटकन उठली. "वजीर तेंचा जीव हाय. रात्रीला उठून बघून येत्यात तेला. माझ्याकडनं कळलं तर तो तेंच्या हातनं गेला. आन् लोकं म्हनतील, सुनेच्या कोकरावर मिरवत हुती. आत्तीला कळू देऊ नगा."

"मग उद्या काय करणार?"

"बा आल्यात की न्याला. जाईन." तिनं कळशी डोक्यावर घेतली. "माहेर काय वंगाळ असतंय व्हय?"

तिचा आवाज मात्र वंगाळ झाला होता.

*

रविवारी बिरोबाच्या देवळापुढे आठ-दहा माणसं जमली. छबूचे वडील एका बाजूला बसले होते, फेट्याचा शेमला दातात धरून. शेजारी छबूची पत्र्याची पेटी, आणि पेटीच्या कडीला बांधलेली चिमणी. बिरा खांबाला टेकून तंबाखू मळत होता. मी वही काखेत मारून उभा होतो. काय करायचं हे माझं ठरलं नव्हतं. तिला शब्द दिला नव्हता, पण तोडायचा धीरही होत नव्हता.

धुळाबाई आतून पितळी ताटली घेऊन आल्या. ताटलीत पिवळाजर्द भंडारा.

"पुढं ये."

छबू पुढे झाली. हात जोडलेलेच ठेवले, ओंजळ केली नाही.

"आत्ती, मी..."

"गप. आधी मी म्हनती ते ऐक, मग त्वांड उघड." धुळाबाईंनी देवाकडे बघितलं, सुनेकडे नाही. "म्हन, सासूच्या मेंढीचं कोकरू म्या माझ्या मेंढीखाली घेतलं न्हाई."

छबूचे वडील शेमला सोडून म्हणाले, "विहीणबाई, सांगावा तर येगळा..."

"तुमाला विचारलं न्हाई. म्हन की गं पोरी! उन्हं चढाय लागली."

छबूनं मान वर केली. सासूच्या तोंडावर काही सापडतंय का ते तिनं शोधलं, पण धुळाबाईंचं तोंड ताटलीसारखंच होतं. मग तिनं ओंजळ पुढे केली. धुळाबाईंनी भंडारा तीत ओतला.

"सासूच्या मेंढीचं कोकरू म्या माझ्या मेंढीखाली घेतलं न्हाई." आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"झालं," धुळाबाई म्हणाल्या. कबूल केल्याप्रमाणे त्या खरंच वाकायला लागल्या, तशी छबूनं त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि स्वतःच त्यांच्या पायाशी बसली. बिरानं मळलेली तंबाखू टाकून दिली, पेटीची कडी सोडली आणि पेटी खांद्यावर मारून वस्तीच्या वाटेला लागला. चार दिवसांत त्या माणसानं केलेलं हे पहिलं काम.

माणसं पांगल्यावर मी धुळाबाईंना देवळामागे गाठलं. त्या ताटली मातीनं घासत होत्या.

"मावशी, शपथ बदललीत."

"म्या? म्या तर हीच म्हनत हुते."

"आठवडाभर सगळ्यांनी वेगळी ऐकलीय."

"लोकांनी ऐकली आसंल. देवानं आजच ऐकली."

मी तिथून हललो नाही. त्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं आणि शेवटी हात थांबवला.

"नळीत तीन दिसली तवाच उमगलं मला. भुरीला चार वेतांत कंदी दोन झाली न्हाईत, ह्ये मला ठाऊक न्हाई व्हय? तरी म्या म्हनत हुते दोन झाली. सून चोर ठरावी म्हनून मेंढीला दोन पोरं दिली म्या." त्यांनी ताटली विसळली. "आन् आखूड कान! आठ म्हैनं त्या कानांवरनं हात फिरवतीया."

"मग वजीर आता छबूचा?"

"माझा हाय. माझ्या भुरीच्या दुधावर वाढलाय. तिनं दिला, म्या ठिवला." ताटली पालथी ठेवत त्या म्हणाल्या, "तुमच्या वहीत काय लिवायचं ते लिवा. पन मला कळलंय ह्ये तिला सांगू नगा."

"का?"

"पाया पडत बसंल रोज. मला न्हाई सोसायचं."

मी कुणालाच काही सांगितलं नाही. त्यानंतर सहा वर्षं मी त्या वस्तीवर जात होतो. दोघींनी मला वेगवेगळं गाठून, त्या दिवसाचं तुम्ही बोलला नाहीत ना, असं विचारलंही. मी दोघींनाही नाही म्हणालो, आणि दोन्ही वेळा ते खरं होतं.

वजीर पुढे चार गावांच्या कळपांत पैदाशीला फिरला. त्याआधी त्याच्या कागदावर आईचा नंबर लागतो. तिथं माझ्या हातचे सतरा लिहिलेले होते. ते खोडून मी एकेचाळीस केले. केंद्राच्या नियमाप्रमाणे खोडलेल्या नोंदीपुढे कारण लिहावं लागतं. डॉक्टर हुद्दार सहीसाठी पेन उघडून उभ्या होत्या.

मी लिहिलं : 'लिहिणाऱ्याची चूक.'